चिठ्ठी नाही म्हणजे पास

परशुराम भोईरचं पत्र हरिहर सोवनींनी संस्कृत-मराठी कोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं होतं, आणि ते तिथे ठेवल्यापासून सहा वर्षांत त्यांनी तो खंड उघडला नव्हता. 'प'पासून पुढचं सगळं संस्कृत त्यांना वर्ज्य झालं होतं. एरवी एखादा शब्द अडला तर जेवण निवत ठेवून तो शोधणारा हा माणूस, पण 'प'च्या पुढचा शब्द आला की अंदाजाने अर्थ लावून पान उलटायचा.

तसं पत्र उघडायची गरजही नव्हती. ते पाठ होतं. निळ्या आंतरदेशीय कागदावर, पेन्सिलीने, एका बाजूला कललेल्या अक्षरात परशुरामने लिहिलं होतं:

"सोवन्या, फोन करत नाही कारण तोंड हलवलं की मरण येतं. उजव्या गालात वीज पडते. गालावर माशी बसली तरी पडते. डॉक्टर बोलतात कानामागून डोकं उघडून ऑपरेशन करू. घरात सगळे घाबरलेत. तू सगळं वाचतोस. तर वाच आणि सांग, करू का नको? तू सांगशील ते करीन. तुझा परशुराम."

या पत्राला हरिहररावांनी उत्तर पाठवलं नव्हतं. लिहिलं मात्र होतं. अकरा वेळा. पहिला मसुदा चार पानांचा झाला आणि त्यात 'करावं, पण' असं सात ठिकाणी आलं. दुसऱ्यात 'करू नये, तरीही' असं आलं. त्यांनी आणखी वाचलं आणि आणखी घोटाळले. दहापैकी आठ जणांना बरं वाटतं, हे वाचून ते लिहायला बसत आणि उरलेले दोघे त्यांच्या समोर येऊन उभे राहत. शेवटी त्यांच्या मनाने विचारलं, तू कोण? आयुष्यभर आम्ल मोजलेला माणूस. दुसऱ्याच्या डोक्याबद्दल तू काय सांगणार? तोवर महिना उलटला. मग दोन. मग उत्तर देण्याची लाज वाटू लागली. वर्ष गेल्यावर तर परशुराम आहे की नाही हे विचारायचीसुद्धा भीती वाटू लागली. वर्तमानपत्रात परशुरामच्या कोलशेत गावाची बातमी दिसली की ते शेवटच्या पानावर जात.

दोघे मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात एकाच दिवशी नोकरीला लागलेले. सोवनी प्रयोगशाळेत आणि भोईर खाली सूत काढणाऱ्या खात्यात. दर पाळीला खालून आम्लाचे आणि सुताचे नमुने वर येत. नमुन्यात खोट निघाली तर सोवनी लाल चिठ्ठी लिहून लगेच खाली पाठवत. नमुना ठीक असला तर काही पाठवायचं नाही, हा तिथला रिवाज. त्या खोलीत हरिहररावांना कधी शंका आली नाही. तिथे आकडे होते, आणि आकडा एक तर रेघेच्या वर असे किंवा खाली. परशुराम बढाई मारायचा, "आमचा सोवन्या देवाच्या आंघोळीचं पाणी पण नापास करेल." परशुरामचे आजोबा-पणजोबा मिठागरात राबलेले. कारखाना बंद पडल्यावर तो कोलशेतला आपल्या जमिनीकडे बघायला गेला, तरी बरीच वर्षं चैत्रात सोवनींच्या बायकोच्या, शुभदाच्या लोणच्यांसाठी खड्या मिठाची पिशवी न चुकता त्यांच्या डोंबिवलीच्या घरी येत राहिली.

मग ती थांबली, आणि त्याच वर्षी ते पत्र आलं होतं.

आता हरिहरराव बाहत्तर वर्षांचे होते, आणि वीज त्यांच्याच गालात पडत होती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना वस्तरा उजव्या नाकपुडीजवळ आला आणि कुणीतरी वरच्या दातात तापलेली तार घुसवून ओढली. पाच सेकंदांचाच खेळ. ते आरशात बघत राहिले, तर गाल जसाच्या तसा. आपणच काहीतरी चुकीचं केलं असावं, असं त्यांना वाटलं. दंतवैद्याने एक दाढ काढली. वीज पडतच राहिली. त्याने दुसरी काढली. दोन्ही दाढा धडधाकट होत्या. शुभदाताईंनी त्या एका डबीत घालून ठेवल्या आणि पुढे घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवल्या. "हे बघा, निरपराध," त्या म्हणायच्या.

मग ठाण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. गोळ्या सुरू झाल्या आणि दीड वर्ष बरं गेलं. पुढे वीज चिवट झाली, गोळ्या वाढल्या, आणि गोळ्यांनी हरिहररावांना असं काही गुंगवलं की पुस्तकातल्या ओळी दोन-दोन दिसू लागल्या. रक्तातलं सोडियम उतरलं आणि एका दुपारी ते स्वतःच्याच घरात स्वयंपाकघर शोधत बाल्कनीत गेले. दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. गोळ्या कमी केल्या तर वीज, वाढवल्या तर बाल्कनी.

आता बोलणंही बंद झालं होतं. खिशात शंभर पानी वही आणि पेन्सिल. पातळ खिमट डाव्या बाजूने, कोमट चहा नळीने. भर उन्हातही गालावर मफलर. आणि उजवा गाल त्यांनी चार महिन्यांत धुतला नव्हता. आंघोळीला ते डावा अर्धा चेहरा धुवायचे, उजव्याला फक्त दुरून बघायचे.

जानेवारीतल्या एका बुधवारी डॉक्टर देवयानींनी त्यांना संगणकावर चित्र दाखवलं. त्या मेंदूच्या शल्यचिकित्सक होत्या, वयाने हरिहररावांच्या मुलीसारख्या.

"काका, ही पांढरी दोरी दिसतेय ना, ही चेहऱ्याची नस. आणि ही काळी, ही रक्तवाहिनी. ती नसेवर टेकलीय. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती नसेला धडकते. वर्षानुवर्षं धडकून नसेचं आवरण झिजलंय. कानामागे छोटी खिडकी उघडायची, वाहिनी अलगद उचलायची आणि दोघींच्या मधे टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. बस."

हरिहररावांनी वही पुढे केली. तिच्यात एकोणीस प्रश्न होते.

डॉक्टरांनी ते सगळे वाचले. "तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलंय. मी खोटं नाही सांगणार. बहुतेकांना आराम पडतो, सगळ्यांना नाही. एका कानाला धोका असतो. काही वर्षांनी दुखणं परतही येऊ शकतं. गालातून सुई घालायचा एक मार्ग आहे, किरणांचा एक आहे. पण तुमचं हृदय, फुप्फुसं सगळं ठणठणीत आहे, चित्रही स्पष्ट आहे. माझं मत ऑपरेशनकडे आहे. मंगळवारपर्यंत सांगा. आणि काका," त्यांनी वही परत दिली, "असं झालेल्या कुणाशी तरी एकदा बोला. पुस्तकांशी बोलून झालंय तुमचं."

घरी आल्यावर हरिहरराव बराच वेळ पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले. कानामागून डोकं उघडून. गालावर माशी बसली तरी. सहा वर्षांपूर्वी हे शब्द त्यांनी वाचले होते, त्यांच्यावर टिपणं काढली होती. कळले नव्हते. त्यांनी कोशाचा दुसरा खंड खाली काढला, पत्र शुभदाताईंच्या हातात दिलं आणि मान खाली घालून उभे राहिले.

शुभदाताईंनी चष्मा लावून वाचलं. तारीख दोनदा बघितली.

"सहा वर्षं?"

त्यांनी मान हलवली.

"आणि उत्तर?"

त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून अकरा मसुद्यांची फाईल काढली. शुभदाताईंनी ती वजन केल्यासारखी हातावर तोलली.

"काय भाजी करू विचारलं तर तुमचं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, हे मला माहीत आहे. मी ते गृहीत धरून संसार केला. पण हा माणूस दुखण्याने तळमळत होता हो! आणि मी इथे म्हणत बसले, मीठ का नाही पाठवलं या वर्षी." त्या चष्मा पुसत राहिल्या. मग उठल्या. "उद्या सकाळी निघू."

त्यांनी वहीत लिहिलं: 'कुठे?'

"कोलशेतला."

त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'तो नसला तर?'

"नसला तर गोदावहिनींची माफी मागा. असला तर त्याची मागा. पत्ता एकच आहे."

रिक्षातला वारा सोसवणार नव्हता, म्हणून शुभदाताईंनी काचा बंद होणारी टॅक्सी बोलावली. शीळफाट्याच्या कोंडीत चालकाने जराशी काच खाली केली, तर त्यांनी त्याला असं झापलं की तो कोलशेत येईपर्यंत श्वास घेतानाही विचार करत होता. खाडीच्या बाजूला चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी गावठाणातलं भोईरांचं घर तीन मजले चढून, पिवळा रंग लावून ऐसपैस बसलं होतं.

ओटीवर पोचल्यावर हरिहररावांची नजर पहिल्यांदा भिंतीवर गेली. मोठी तसबीर. परशुरामसारख्याच झुपकेदार मिशा, तसंच रुंद कपाळ, गळ्यात चंदनाचा हार.

शुभदाताईंनी त्यांचा दंड धरला.

आतून गोदावहिनी आल्या. नऊवारी गुडघ्याशी कसलेली, हाताला तिळगुळाचा पाक. संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते. "कोन पायजे?"

हरिहररावांनी तोंड उघडलं, आणि वीज पडली. त्यांनी गाल धरला, डोळे मिटले, मग वहीत घाईने लिहून ती पुढे केली. गोदावहिनींचा चष्मा आत होता. त्यांनी वहीकडे, मफलरकडे आणि पेन्सिलीकडे बघितलं आणि निकाल दिला: "मतदार यादीवाले काय? आमची सगली नावं हायेत. मेलेली पन हायेत."

"अहो वहिनी, मी शुभदा," शुभदाताई पुढे झाल्या. "डोंबिवलीची. सोवनी."

गोदावहिनींनी ओळख पटायला जरा वेळ घेतला. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"कोन आयलाय गं?"

आणि तसबिरीतल्या मिशा चालत बाहेर आल्या. जरा पांढऱ्या होत्या, पण चालत होत्या. हातात कुदळ, अंगात बनियन. परशुराम भोईरने पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्याने गाल दोन बोटांनी असा धरला होता, जणू त्यावर फुलपाखरू बसलंय आणि ते उडू द्यायचं नाही. परशुरामची कुदळ हातातून गळाली.

"गोदा, याला बोलायला लावू नको. यो बोलनार नाय. याला करंट आयलाय!" मग त्याने नीट बघितलं. "सोवन्या? अरे सोवन्या, तू रे?"

हरिहररावांनी बोटाने तसबीर दाखवली.

"तो? तो माझा थोरला भाऊ. नव्वदी गाठून गेला. तू काय मनाच, जित्या मानसाला, हार घातलास काय?" परशुराम हसला, आणि हसता हसता दोन्ही हातांनी मित्राला मिठी मारायला पुढे आला, पण मधेच थांबला. उजवा गाल टाळून, डाव्या बाजूने, अंडं उचलावं तसं त्याने हरिहररावांना छातीशी धरलं. असं धरायचं असतं हे आजवर कुठल्याच डॉक्टरला कळलं नव्हतं. हरिहररावांचे डोळे भरून आले.

बसायला खुर्च्या आल्या. परशुरामने स्वतः उठून पंखा बंद केला, खिडकी लावली आणि चहा निववून, नळी घालून पुढे ठेवला. सगळं न विचारता. शुभदाताईंनी दाढांची, गोळ्यांची आणि सोडियम उतरल्याची कथा सांगितली.

"म्हंजे मीठ कमी झालं?" गोदावहिनींनी गालाला हात लावला. "भोईरांच्या ओलखीच्या मानसाला मीठ कमी? ऐकलं काय वो, लाज वाटाची गोष्ट हाय."

"आता मिठागरं कुठं राहिली! बिल्डिंगीत काय मीठ पिकतं?" परशुराम म्हणाला. मग हरिहररावांकडे वळला. "मना पन तसंच. तीन दाढा गेल्या माझ्या. तुझ्या दोन. तू नेहमीच हिशोबी." त्याने मान वळवून कानामागची बारीक रेघ दाखवली. "बघ, इथून. आत पाइप वायरला घासत होता, मधे वॉशर टाकला. खलास. सहा वर्षं झाली. करंट नाय."

हरिहररावांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. ते ज्यासाठी आले होते ते अजून झालंच नव्हतं. पण परशुरामच पुढे बोलत राहिला.

"आणि ते सगलं तुझ्यामुलं."

पेन्सिल थांबली.

"तुला पत्र टाकलं ना मी. दोन हप्ते वाट बघितली. डॉक्टर बोलला, आता सांगा बाबा, काय ते. घरात रडारड. पोरगा बोलतो नको, भाऊ बोलतो भगताला विचार. मंग मी पाटीवर लिहून गोदाला दाखवलं. सोवन्याची चिठ्ठी नाय, म्हंजे पास. खोट असती तर त्याने पाली संपायच्या आत कलवलं असतं. कारखान्यात त्याची एक चिठ्ठी चुकली नाय. तो गप म्हंजे माल चांगला." त्याने मांडीवर थाप मारली. "दुसऱ्या दिवशी अॅडमिट!"

शुभदाताईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

हे असंच राहू देता आलं असतं. मान डोलवायची, चहा प्यायचा, निघायचं. परशुराम खूश होता, आणि त्याच्या आनंदात हरिहररावांची अब्रूही सुखरूप होती. त्यांनी वही मांडीवर घेतली. अक्षर वेडंवाकडं येत होतं.

'नमुना तपासलाच नव्हता. मी भ्यालो. अकरा वेळा लिहिलं आणि एकदाही पाठवलं नाही. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या गप्प बसण्यामुळे झालं असतं. तू आहेस की नाही हे विचारायलाही मी आलो नाही.'

वही परशुरामच्या हातात देऊन ते जमिनीकडे बघत बसले.

परशुरामने ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. मिशीला हात लावला.

"काय लिवलंय?" गोदावहिनींनी विचारलं.

परशुरामने मोठ्याने वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर त्याच्या पोटातून गडगडत हसू वर आलं. "म्हंजे मी सहा वर्षं न तपासलेला माल म्हनून फिरतोय?"

गोदावहिनी हसल्या नाहीत. पदराने हाताचा पाक पुसत त्या म्हणाल्या, "भावजी, ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली. यांचा हात कापत होता. मी मनात बोलले, सोवनी भावजींनी बघितलंय. देवाचं नाव नाय घेतलं त्या वक्ताला, तुमचं घेतलं."

हरिहररावांना वाटलं, त्यापेक्षा वीज पडलेली परवडली.

गोदावहिनींनी पदर खोचला. "आता कल्लं की बघितलं नव्हतं. बरं झालं तवा नाय कल्लं. तुमचे अकरा कागद आले असते तर यो अजून खाटेवर असता, वाचत." आता त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं. "पन पत्र आलं की उत्तर द्यावं मानसानं. चांगलं नायतर वाईट. गप बसू नये. मानूस तिकडं काय काय समजतो."

"देतील," शुभदाताई म्हणाल्या. "मी बघते."

"आणि सोवन्या, पास म्हनून पूर्न पास नाय हां," परशुरामने उजव्या कानावर टिचकी मारली. "शेरा ऐक. यो कान अर्धा गेला. गोदाला मी याच बाजूला बसवतो."

"आयकतात सगलं," गोदावहिनी म्हणाल्या. "सोंग हाय."

हरिहररावांनी वही परत घेतली. नव्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं:

'मी करू का नको? तू सांगशील ते करीन.'

परशुरामने वाचलं आणि उत्साहाने तोंड उघडलं. मग मिटलं. त्याने शुभदाताईंकडे पाहिलं, गोदाकडे पाहिलं, भावाच्या तसबिरीकडे पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. 'कर' म्हणावं तर हा बाहत्तरचा. 'नको' म्हणावं तर हा असा. घाम आल्यासारखा त्याने बनियनचा गळा ओढला.

"आयला," तो शेवटी हळूच म्हणाला. "सहा वर्षं उत्तर का नाय आयलं, ते आता कल्लं."

आणि हरिहररावांना, गाल न हलवता, आतल्या आत हसू आलं. कितीतरी महिन्यांनी.

"मी सांगनार नाय," परशुराम उठला. "तू ये माझ्या मागं."

मागच्या अंगणात नळ होता. जानेवारीची सकाळ, खाडीवरून बोचरा वारा येत होता. हरिहरराव मफलर आवळून दाराच्या आडोशाला उभे राहिले. परशुरामने नळ पूर्ण सोडला, ओंजळ भरली आणि थंडगार पाण्याचा हबका सपकन तोंडावर मारला. दुसरा मारला. तिसरा. मग दोन्ही तळव्यांनी उजवा गाल, डावा गाल, नाक, कपाळ असं खसाखसा चोळलं, शेतावरून आलेला माणूस चोळतो तसं, काहीही न सांभाळता. मिशीतून पाणी ठिबकत होतं. तो फुरफुरला, आणि ओल्या तोंडाने तसाच वाऱ्यात उभा राहिला.

हरिहरराव बघत होते. दहापैकी आठ, दहापैकी दोन, झिजलेलं आवरण, कानाचा धोका, सगळं त्यांच्या डोक्यात होतं, पण आता ते मागच्या बाकावर जाऊन बसलं होतं. पुढे फक्त एक गोष्ट उरली होती. त्यांना पाणी हवं होतं. असं, दोन हातांनी, पूर्ण चेहऱ्यावर.

निघताना गोदावहिनींनी त्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. चावता येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "ठेवा. मंग खा."

टॅक्सीत हरिहररावांनी वहीत लिहून ती शुभदाताईंपुढे धरली: 'मंगळवारी हो सांगतो.'

शुभदाताईंनी वाचलं. मग पान उलटून मागे बघितलं.

हरिहररावांनी भुवया उंचावल्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "'पण' शोधत होते."

मंगळवारी डॉक्टर देवयानींनी विचारलं, "आज प्रश्न नाहीत?" एकच होता. 'तोंड कधी धुता येईल?' डॉक्टर म्हणाल्या, "टाके निघाले की स्वतः या आणि सांगा, गार पाण्याने धुतलं की गरम."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ते घाबरले नाहीत असं नाही. शुभदाताईंना त्यांनी कपाटाच्या किल्ल्या, वाचनालयाची दोन पुस्तकं आणि ती परत करायची तारीख असं सगळं लिहून दिलं. पुढचं त्यांना आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा डोकं जड होतं, मळमळत होतं, आणि कुणीतरी विचारत होतं, "काका, नाव सांगा."

त्यांनी सवयीने वही चाचपली. वही नव्हती. नाव सांगायचं तर ओठ हलणार, आणि ओठ हलले की... त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"हरिहर," ते म्हणाले.

आणि वाट बघितली.

"विष्णु सोवनी," ते म्हणाले. पुन्हा वाट बघितली. "राहणार डोंबिवली पूर्व." काहीच झालं नाही. मग त्यांनी परिचारिकेला आपला मजला, लिफ्ट कधी बंद असते, आणि कारखान्यातला आपला बिल्ला क्रमांक सांगितला. बाहेर बसलेल्या शुभदाताईंना आत बोलावून ती म्हणाली, "हे नेहमीच एवढं बोलतात का?"

"नाही," शुभदाताई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या.

परशुरामचा फोन रोज येऊ लागला. तो डावा कान लावायचा आणि हरिहरराव उजवा, कारण त्यांचा उजवा कान शाबूत राहिला होता. परशुरामला याचा थोडा रागच आला होता. टाके निघाल्यावर एका सकाळी हरिहरराव बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. नळ वाहत होता. शुभदाताईंनी दार ढकललं. बनियन ओली, आरसा ओला, साबणाची वडी जमिनीवर, आणि मधे हरिहरराव, चेहऱ्यावरून पाणी निथळत, चौथी ओंजळ भरत होते.

"अहो, घर बुडवताय का?"

"गार आहे," ते म्हणाले. "गार पाण्याने धुतलं. डॉक्टरांना सांगायचंय."

त्या दिवशी दुपारी त्यांनी तिळाचा लाडू काढला. तो एव्हाना दगड झाला होता. उजवीकडे दोन दाढा नव्हत्याच, पण उरलेल्या दातांनी त्यांनी तो उजव्याच बाजूने, अर्धा तास लावून खाल्ला.

खरं तर आता पत्राची काय गरज होती? परशुरामला सगळं कळलं होतं. शिवाय तो म्हणालाच होता, "नाय लिवलंस तर मी समजेन पास." पण गोदावहिनींचं बोलणं हरिहररावांच्या कानात राहिलं होतं. ते टपाल कचेरीत गेले. आंतरदेशीय पत्र मागितल्यावर खिडकीतल्या बाईंनी खणात बरंच शोधून एक काढून दिलं. तिथल्याच उंच टेबलाशी उभं राहून, मसुदा न करता, त्यांनी लिहिलं:

"प्रिय परशुराम, तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. तू विचारलं होतंस, करू का नको. कर. नमुना तपासला. पास. शेरा: वरच्या ओठाजवळ रुपयाएवढी जागा अजून झोपलेली आहे. वीज पुढेमागे परत येऊ शकते, असं पुस्तकं सांगतात आणि डॉक्टरही. आली तर चिठ्ठी पाठवीन. नाही आली तरी पाठवीन. गोदावहिनींना नमस्कार सांग, लाडू चांगला होता. चैत्र जवळ आलाय, शुभदा कैऱ्यांची वाट बघते आहे. तुझा, हरिहर."

त्यांनी वाचून बघितलं. 'कर' हा शब्द फार ठाम वाटला. पेन्सिल 'पण'कडे वळलीही. त्यांनी ती खिशात घातली, पत्राच्या कडा चिकटवल्या आणि बाहेर आले.

दारातल्या लाल पेटीत पत्र टाकल्यावर ते तिथेच घुटमळले. पिनकोड बरोबर लिहिला ना? पेटी वाजवून बघितली. फटीत डोळा लावला.

बाजूला भाजी घेऊन बसलेली बाई मेथीवर पाणी शिंपडत त्यांच्याकडे बघत होती. "आत पडलं काका, मी आवाज ऐकला. आता नाय निघत ते."

"नक्की?" हरिहररावांनी विचारलं.

"एकदम."

त्यांनी मफलर काढला, घडी करून बगलेत मारला आणि ते घराकडे चालू लागले. उजव्या गालावर वारा लागत होता. कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांनी मागे फक्त एकदाच वळून बघितलं.